न सुटलेल्या रेल्वे घातपाताचा कागद कसा वाचायचा

माझा भाचा न सुटलेल्या गुन्ह्यांवर व्हिडिओ करतो. गेल्या गणपतीत तो डोंबिवलीला आमच्याकडे आला होता. आरती आटोपली, मोदकांचं ताट पुढे आलं आणि त्याने आपलं नवं स्क्रिप्ट माझ्या मांडीवर ठेवलं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९५ साली कुणीतरी रूळ मोकळा करून प्रवासी गाडी पुलावरून पाडली आणि तो कुणीतरी आजवर हाती लागलेला नाही, अशी ती गोष्ट. पहिलं वाक्य होतं, ‘ही चिठ्ठी सगळं सांगते.’ मी तिथेच त्याच्याकडून पेन मागून घेतलं.

मी ३१ वर्षं मुंबईतल्या एका रेल्वे कार्यालयात स्टेनो होते. कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे थोडं उणंदुणं येणार आहे. अपघाताची चौकशी लागली की साहेब प्रश्न विचारायचे, समोरचा गँगमन नाहीतर मोटरमन उत्तर द्यायचा आणि मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची. नंतर टाइप करायचं, पाच कार्बन लावून. मी आयुष्यात रुळावर हातोडा मारलेला नाही. पण रुळाबद्दल माणसं काय बोलतात, कुठे घुटमळतात आणि कुठला शब्द बदलून मागतात, ते बघण्यात माझी नोकरी गेली. त्या जोरावर भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय. कुणाला अशा प्रकरणावर लिहायचं, बोलायचं किंवा नुसतं नीट वाचायचं असेल तर घ्या.

पहिलं पान: घडलं तेवढंच

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर घडलेली गोष्ट लिहा, आणि एकही विशेषण लिहू नका. भाच्याच्या स्क्रिप्टात ‘भयाण वाळवंट’ होतं, ‘काळरात्र’ होती, ‘थरकाप उडवणारा कट’ होता. सगळं खोडलं. उरलं ते एवढं:

९ ऑक्टोबर १९९५. ॲमट्रॅक कंपनीची ‘सनसेट लिमिटेड’ ही गाडी लॉस एंजेलिसहून मायामीकडे निघालेली. रूळ सदर्न पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे. मध्यरात्र उलटून गेल्यावर फिनिक्स शहराच्या नैर्ऋत्येला, पालो व्हर्डी गावाजवळ, कोरड्या ओढ्यावरच्या पुलापाशी गाडी घसरली आणि डबे खाली कोसळले. ७८ जण जखमी. मृत्यू एक: झोपण्याच्या डब्यातला सेवक. रूळ स्लीपरला धरून ठेवणारे २९ खिळे आधीच काढलेले होते. जागेवर चिठ्ठ्या सापडल्या, खाली सही ‘सन्स ऑफ द गेस्टापो’, म्हणजे गेस्टापोचे, हिटलरच्या जर्मनीतल्या गुप्त पोलिसांचे, पुत्र. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने तपास केला. २०१५ साली, वीस वर्षं होत आली तेव्हा, ३,१०,००० डॉलरचं बक्षीस पुन्हा जाहीर केलं. अटक नाही.

हे पान पूर्ण भरत नाही. भाचा म्हणाला, “मावशी, एवढ्यात व्हिडिओ दोन मिनिटांचा होईल.” होऊ दे म्हटलं. बाकीचं जे तू बोलणार आहेस ते अंदाज आहेत, आणि ते दुसऱ्या पानापासून पेन्सिलीने लिहायचे.

पेन्सिलीचा आग्रह का, ते सांगते. मी नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका यार्डात मालगाडीचा डबा घसरला. ऐन जुलै, रूळ पाण्याखाली. मुकादमाचा जबाब चालू होता. त्याने सांगितलं, “साहेब, सांध्यावर फिशप्लेट दिसली नाही.” फिशप्लेट म्हणजे दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “लिहा, फिशप्लेट नव्हती.” मी लिहिलं. दिसली नाही आणि नव्हती, टाइपरायटरवर जेमतेम चार-पाच अक्षरांचा फरक. दुसऱ्या दिवशी पेपरात ‘घातपाताचा संशय’ असा मथळा. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा ती फिशप्लेट तिथेच खडीत, चिखलाखाली पडलेली मिळाली. बोल्ट झिजून तुटले होते. चोर नाही, दरोडेखोर नाही. तो कागद मी टाइप केला होता हे मला अजून आठवतं. पुढे माझा हात अशा शब्दापाशी आपोआप थांबायचा. एका साहेबांना त्याचा फार राग यायचा.

म्हणून दुसऱ्या पानावर दोन रकाने पाडा. एकात ‘दिसलं’, दुसऱ्यात ‘म्हटलं’. पालो व्हर्डीचे काढलेले खिळे पहिल्या रकान्यात जातात. चिठ्ठीचा कागदही पहिल्यात. चिठ्ठीतला मजकूर मात्र दुसऱ्यात, कारण ते कुणीतरी म्हटलेलं आहे.

जागा आणि वेळ

आता नकाशा काढा, हाताने. बघून बोलण्यात आणि काढून बोलण्यात फरक पडतो.

आपल्याकडे रूळ म्हटला की कुणी ना कुणी असतंच. कुर्ला-शीव पट्ट्यात रुळाला लागून घरं आहेत, मुंब्र्याला खाडीच्या बाजूने रात्रीसुद्धा माणसं चालतात, पहाटे पावणेचारला दूधवाले आणि भाजीवाले फलाटावर असतात. रात्री गाड्या थांबतात तेवढ्या दोन-तीन तासांत रेल्वेचीच माणसं कामाला उतरतात. आपण मुंबईकर म्हणून विचारतो, “इतका वेळ कुणाला कळलं कसं नाही?” पालो व्हर्डीला हा प्रश्न फोल आहे. ते वाळवंट आहे. मैलोन्‌मैल वस्ती नाही, मार्गावर गाड्याही मोजक्या. आपल्या शहराची गर्दी दुसऱ्याच्या गुन्ह्यात भरू नका.

उलट तिथे विचारायचं ते वेगळंच. तिथपर्यंत गाडीरस्ता होता का? रात्री त्या भागात वाट न चुकता जायला ओळख लागते का? प्रवासी गाडी कधी येणार हे वेळापत्रकातून कळतं, पण उशिरा धावते आहे की नाही हे कसं कळणार? मालगाडी आधी आली असती तर? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याने हे केलं त्याला ठराविक गाडी हवी होती, की जी येईल ती चालणार होती? नेम प्रवाशांवर होता, की ज्या कंपनीचे रूळ होते तिच्यावर? ॲमट्रॅक आणि सदर्न पॅसिफिक या दोन वेगळ्या संस्था होत्या हे भाच्याच्या स्क्रिप्टात कुठेच नव्हतं. तो सरसकट ‘रेल्वे’ म्हणत होता. आपल्याकडे गाडीही रेल्वेची आणि रूळही रेल्वेचे, त्यामुळे ही चूक सहज होते.

हात एकाचा, मन कुणाचं?

त्या रात्री रूळ जागचा हलवलेला असूनही सिग्नल यंत्रणेला पत्ता लागला नाही. विद्युत प्रवाह रुळांतून वाहत राहिला की पुढचा मार्ग सलग आहे असं यंत्रणा धरून चालते. तो प्रवाह खंडित होणार नाही याची व्यवस्था करणाऱ्याने केली होती. कशी, ते मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. भाच्याने त्याचं ॲनिमेशन करून घेतलं होतं, चांगलं दीड मिनिटाचं. मी ते काढायला लावलं. तो फुगला. मी विचारलं, तुझा व्हिडिओ बघणाऱ्याला हेतू समजून घ्यायला हे कळणं गरजेचं आहे का? नाही. मग जागा कशाला अडवतोस?

पण यातून एक गोष्ट निघते: करणाऱ्याचे हात जाणकार होते. इथे बहुतेक जण उडी मारतात आणि म्हणतात, मग रेल्वेतलाच माणूस, नोकरीवरून काढलेला, डूख धरून बसलेला. जरा थांबा.

१२ ऑगस्ट १९३९ रोजी नेवाडा राज्यात हार्नी इथे, हम्बोल्ट नदीवरच्या पुलाजवळ, ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही गाडी अशाच प्रकारे घसरली होती. २४ माणसं गेली. तेही सदर्न पॅसिफिकचेच रूळ. तिथेही रूळ सरकवलेला आणि सिग्नलला संशय येऊ न दिलेला. तेही प्रकरण कधी सुटलं नाही. म्हणजे १९९५ च्या माणसाला हे ज्ञान नोकरीतून मिळालं असेल, तसंच जुनी प्रकरणं वाचूनही मिळालं असेल. अमेरिकेत रेल्वेचं वेड असलेली माणसं उदंड आहेत. आपल्याकडेही आहेत. आमच्या सोसायटीतले एक काका दहावी नापास आहेत, रेल्वेत एक दिवस नोकरी केलेली नाही, पण कल्याणच्या यार्डातले पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, त्यांना पाठ आहेत.

रुळावरच्या खुणांवरून हात किती तयार आहे ते कळतं. त्या हातामागचा राग कसला आहे ते कळत नाही. ही दोन पानं वेगळी ठेवा, एकमेकांत मिसळू देऊ नका.

चिठ्ठी शेवटी वाचा

पालो व्हर्डीच्या चिठ्ठ्यांत सरकारवर राग होता. एफबीआय आणि शस्त्रं-स्फोटकांवर नजर ठेवणारी एटीएफ या यंत्रणांना दूषणं होती, रूबी रिज आणि वेको यांचा उल्लेख होता. आपल्या वाचकाला ही नावं परकी आहेत म्हणून दोन ओळी: रूबी रिज म्हणजे १९९२ साली आयडाहो राज्यात एका कुटुंबाला सरकारी बंदूकधाऱ्यांनी घातलेला वेढा, आणि वेको म्हणजे १९९३ साली टेक्सासमध्ये एका धर्मपंथाच्या वस्तीला घातलेला वेढा, ज्याचा शेवट आगीत झाला. दोन्हींत माणसं मेली, आणि अमेरिकेतल्या सरकारविरोधी सशस्त्र गटांना ती दोन नावं म्हणजे जखमच. त्यात १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत स्फोटाने उडवली गेली, १६८ माणसं गेली. पालो व्हर्डी त्यानंतर सहा महिन्यांनी. तेव्हा अशी चिठ्ठी दिसली की कुणाचंही डोकं एकाच दिशेला जाणार.

आणि म्हणूनच ती शेवटी वाचायची. जी चिठ्ठी त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या भीतीशी इतकी चपखल जुळते, ती लिहायला त्या गटातलंच असावं लागत नाही, रोजचं वर्तमानपत्र वाचलेलं पुरतं.

यासाठी मी भाच्याला हंगेरीची गोष्ट सांगितली. १३ सप्टेंबर १९३१ च्या मध्यरात्री बुडापेस्टजवळच्या बियातोर्बाज इथल्या पुलावर स्फोटाने व्हिएन्नाकडे जाणारी एक्सप्रेस खाली कोसळली. २२ मृत्यू. जागेवर कामगारांच्या नावाने लिहिलेली चिठ्ठी मिळाली, क्रांतीची भाषा वापरून. सरकारने ती जशीच्या तशी खरी मानली, खापर कम्युनिस्टांवर फोडलं आणि जलद न्यायाचा आणीबाणीचा कायदा लावला. त्याच कायद्याखाली पुढल्या वर्षी दोन कम्युनिस्ट पुढाऱ्यांना फाशी झाली. खरा गुन्हेगार होता सिल्वेस्टर मातुष्का नावाचा धंदेवाईक गृहस्थ. तो स्फोटानंतर स्वतः अपघातातला प्रवासी बनून लोकांत मिसळला आणि नुकसानभरपाई मागायला गेला! त्या मागणीतूनच संशय त्याच्याकडे वळला आणि ऑक्टोबरमध्ये तो व्हिएन्नात पकडला गेला. त्याने का केलं, याचं धड उत्तर कोर्टालाही मिळालं नाही. गाड्या कोसळताना बघण्यात त्याला काहीतरी मिळत होतं, एवढंच.

गुन्हेगार सापडला, कबुलीजबाब झाला, शिक्षा झाली, तरी हेतूचं पान कोरंच. मग जिथे माणूसच सापडलेला नाही, तिथे चिठ्ठीवरून हेतू सांगणाऱ्यांचं मला हसू येतं.

चिठ्ठी वाचाल तेव्हा तीन गोष्टी बघा. सही केलेला गट आधी कधी दिसला होता का, नंतर कधी दिसला का? ‘गेस्टापोचे पुत्र’ आधीही नाहीत, नंतरही नाहीत. काही मागणी आहे का? राग आहे, मागणी नाही. आणि सही रागाशी जुळते का? सरकारला जुलमी म्हणणारा माणूस स्वतःला जुलमी पोलिसांचे पुत्र का म्हणवेल? उपहास असेल, किंवा घाईत सुचलेलं भडक नाव असेल. मला दुसरं जास्त पटतं, पण हे पेन्सिलीनेच.

हेतूंची यादी, कंटाळवाण्या हेतूंसकट

लोक यादी करतात ती झगमगीत हेतूंची: दहशतवाद, परदेशी हात, सूड. माझ्या अनुभवात रुळाशी छेडछाड करणाऱ्यांचे हेतू बहुतेक वेळा अगदी फडतूस असतात. मुंबईत केबल कापली जाते, सिग्नल बंद पडतो, लाखो माणसं खोळंबतात, आणि कापणाऱ्याला त्यातलं काहीच नको असतं. त्याला तांब्याचे पैसे हवे असतात.

त्याहून विचित्र हेतू २०२४ च्या सप्टेंबरात समोर आला. मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुरतजवळच्या किम इथे पहाटे रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट आणि ७१ चाव्या काढलेल्या मिळाल्या. चाव्या म्हणजे रूळ स्लीपरला पकडणाऱ्या क्लिपा, गँगमन त्यांना चाव्याच म्हणतात. ज्या कर्मचाऱ्याने हे बघून गाडी थांबवायला लावली त्याचं कौतुक सुरू झालं. दोन दिवसांनी पोलिसांनी त्यालाच आणि त्याच्या दोन साथीदारांना अटक केली. आधीची गाडी जाऊन इतका थोडा वेळ झाला होता की तेवढ्यात एवढ्या चाव्या काढणं शक्यच नव्हतं. शिवाय फोनमधले काढलेल्या चाव्यांचे फोटो खबर देण्याच्या वेळेआधीचे निघाले. पोलिसांनी सांगितलेला हेतू असा: शाबासकी मिळावी आणि पावसाळी रात्रपाळी चालू राहावी, म्हणजे दिवसा घरी राहता येईल. असा हेतू तुम्ही यादीत लिहिला असतात का? मी नसता लिहिला. आता लिहिते, प्रत्येक वेळी.

दुसऱ्या टोकाला असतो उघड कबूल केलेला हेतू. ७ जून १९४३ ला सातारा जिल्ह्यात शेणोलीला प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची गाडी अडवून लुटली. माझ्या सासऱ्यांकडचे लोक त्या भागातले, त्यामुळे ही गोष्ट मी घरात कितीदा ऐकली त्याला मोजदाद नाही. त्यात लपवाछपवी नव्हती: पैसा इंग्रज सरकारचा, तो चळवळीला. तसंच २० मार्च २०१८ ला सकाळच्या गर्दीत रेल्वे अप्रेंटिस मुलांनी माटुंगा-दादर दरम्यान लोकल रोखल्या तेव्हा मागणी फलकावरच होती. ज्याला म्हणणं मांडायचं असतं तो नाव आणि मागणी दोन्ही पुढे करतो. ही ओळ वहीत चौकट करून लिहा आणि मग पालो व्हर्डीकडे परत या.

तिथे चार हेतू चर्चेत आहेत. सरकारविरोधी गट, कंपनीवर डूख धरलेला माणूस, जुन्या घातपाताची नक्कल करणारा वेडा, आणि प्रवाशांपैकी एखाद्यावर नेम. शेवटचा मी पहिल्यांदा बाजूला काढते: एका माणसासाठी सगळी गाडी पाडणारा तो माणूस मरेल याची खात्री कशी देणार?

उरलेल्या प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: हे खरं असतं तर आणखी काय दिसायला हवं होतं? गट असता तर दुसरं कृत्य, दुसरं पत्रक, निदान तुरुंगातली एखादी फुशारकी. इतक्या वर्षांत काही नाही. माणसं गटात असली की तोंडं उघडतात, त्यात बक्षीसही लाखांत. एकटा माणूस गप्प राहू शकतो. डूख असता तर त्या सुमारास कंपनीत काहीतरी घडत असायला हवं. घडत होतं: १९९५ च्या ऑगस्टमध्ये युनियन पॅसिफिक कंपनी सदर्न पॅसिफिकला विकत घेणार असं जाहीर झालं होतं. दोन रेल्वे एक झाल्या की किती जागा जातात हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आमच्याकडे नुसता विभाग हलवायची अफवा उठली तरी डबे खायच्या सुट्टीत कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. पण हेही लक्षात ठेवा, हजारो माणसांना तो राग असणार आणि त्यातल्या जवळपास सगळ्यांनी रुळाला हातही लावला नाही. कारण असणं आणि कृत्य करणं यांमधलं अंतर तुमच्या वाक्यात दिसलं पाहिजे.

माझा कल? एकटा, जाणकार, कंपनीवर रागावलेला, चिठ्ठी दिशाभूल करायला. पेन्सिलीने लिहिलंय, खोडरबर शेजारीच आहे.

‘घातपात’ हा शब्द कुणाच्या सोयीचा?

हे पान बहुतेक अभ्यासक लिहीतच नाहीत. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते.

गाडी घसरली की जागेवर वेगवेगळ्या खात्यांचे सुपरवायझर मिळून जॉइंट नोट करतात. रूळवाले म्हणतात चाक सदोष होतं, डबेवाले म्हणतात रूळ सदोष होता, दोघं मिळून म्हणतात ड्रायव्हरने वेग जास्त ठेवला. कुणीतरी असहमतीची टीप जोडतो. मी अशा नोटा टाइप केल्यात ज्यांत सह्यांपेक्षा असहमती जास्त होत्या. आणि मग अशा खोलीत कुणीतरी ‘बाहेरच्या माणसाचं काम असेल’ असं म्हणतो आणि सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडतात. बाहेरचा माणूस कुठल्याच खात्यात नसतो, त्याची वेतनवाढ कापली जात नाही. म्हणून तर अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात. परीक्षा घेणारा घरचा नको, एवढा साधा विचार.

२० नोव्हेंबर २०१६ ला कानपूरजवळ पुखरायाँ इथे इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली, सुमारे दीडशे माणसं गेली. पुढच्या काही महिन्यांत परदेशी कटाची भाषा थेट निवडणुकीच्या सभांपर्यंत पोचली. राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे प्रकरण गेलं. शेवटी सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने बोट ठेवलं ते डब्याच्या गंजलेल्या, झिजलेल्या भागांवर. तोवर लोकांच्या डोक्यात कट पक्का बसला होता. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अजून आहे.

थंडीतल्या पहाटेही हेच. डिसेंबर-जानेवारीत तापमान उतरलं की लांब सलग जोडलेला रूळ आखडतो आणि कच्च्या वेल्डला तडा जातो. फटीचा फोटो फिरतो, ‘रूळ कापला’ म्हणून. कापलेला नसतो, थंडीने तुटलेला असतो. तुटलेलं टोक आणि कापलेलं टोक कीमनला, म्हणजे रोज रूळ तपासत चालणाऱ्याला, बघताक्षणी कळतं. त्याला विचारा, टीव्हीवर बसलेल्याला नको.

आणि उलट बाजूही तपासा, नाहीतर हीच सवय होऊन बसते. पालो व्हर्डीत खिळे आपोआप निघाले नव्हते, सिग्नलची व्यवस्था आपोआप झाली नव्हती. तिथे घातपात हा शब्द पहिल्या रकान्यात, ‘दिसलं’ मध्ये बसतो. पण गंमत बघा, १९९६ च्या जूनमध्ये सनसेट लिमिटेड त्या मार्गावरून बंदच झाली. रूळमालक कंपनीला त्या पट्ट्याची देखभाल परवडेनाशी झाली होती. फिनिक्स शहराची रेल्वे गेली. आता कुणी म्हणेल, म्हणजे कंपनीलाच हे हवं होतं! भाचा लगेच म्हणाला. मी त्याच्या हातून मोदक काढून घेतला. नंतर ज्याचा फायदा झाला त्यानेच आधी केलं, असं म्हणायला लागलं तर सासूच्या दागिन्यांपायी आपल्यातल्या निम्म्या सुना फासावर जातील.

कागद कुठे, आणि काय वगळायचं

हे भराभर सांगते. सुरक्षा आयुक्तांचे अहवाल मागता येतात, माहिती अधिकारात अर्ज करा, चिकाटी ठेवा. आपल्याकडे गाडी पाडण्याच्या हेतूने केलेल्या कृत्याला रेल्वे कायदा १९८९ चं कलम १५० लागतं, निष्काळजीपणाला १५४, नुसत्या रेल रोकोला १७४. बातमीत कुठलं कलम लावलंय ते आधी बघा, पोलिसांना पहिल्या दिवशी काय वाटलं ते त्यावरून कळतं. लोहमार्ग पोलीस राज्याचे आणि आरपीएफ (रेल्वे सुरक्षा बल) रेल्वेचं, दोघांच्या तोंडची विधानं एकत्र करू नका. जुनी वर्तमानपत्रं बघायला मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जा, आणि एकाच घटनेचे तीन अंक काढा: दुसऱ्या दिवसाचा, आठवड्यानंतरचा, वर्षानंतरचा. त्यात ‘संशय’ हा शब्द कुठे गळून पडला ते शोधा. बहुतेकदा पुरावा न वाढताच तो गळलेला असतो.

कुणाही जिवंत माणसाकडे बोट दाखवू नका. भाच्याच्या स्क्रिप्टात एका माणसाचं नाव होतं, कुठल्याशा चर्चेतून उचललेलं. त्या माणसावर कधी आरोप ठेवला गेला नव्हता. मी ते नाव इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.

त्यानंतर दोन तास आम्ही बसलो. मोदक संपले, भावजयीने दोनदा चहा केला. नऊ बाविसच्या लोकलला तो निघाला तेव्हा स्क्रिप्ट निम्मं झालं होतं. दाराशी चप्पल घालताना विचारतो, “मावशी, मग सुरुवात कशाने करू?” मी म्हटलं, जो मेला त्याच्यापासून कर. तुझ्या आठ पानांत तो ‘एक कर्मचारी ठार’ एवढाच आहे.

व्हिडिओ दिवाळीनंतर आला. आता त्याचं पहिलं वाक्य आहे, ‘त्या रात्री या गाडीत, झोपलेल्या प्रवाशांची सोय बघायला एक माणूस ड्युटीवर होता.’ चिठ्ठी येते अकराव्या मिनिटाला.